वाक्याला कर्ता हवा

मॅट्रिकला इंग्रजीत मी काठावर पास झालो होतो. तेवढ्यावर बाविसाव्या वर्षी मला चांदा जिल्ह्यातल्या एका रेंज ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि जंगलखात्याचा वरचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले. बीटवरचे नाकेदार, म्हणजे जंगलाचे शिपाई, आपले रिपोर्ट मराठीत आणून देत. त्यांचं इंग्रजी करून चांद्याला पाठवणं हे माझं काम.

मी केलेलं पहिलं पत्र बडे बाबूंनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ते आमचे हेडक्लार्क, चांद्याच्या मुसलमान घरातले, पन्नाशीच्या पुढचे.

"कल से आधा घंटा आधी येत जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस उघडण्याआधी व्हरांड्यात माझी शिकवणी सुरू झाली. त्यांच्याकडे स्वतःच्या हाताने लिहिलेली नियमांची एक वही होती. पहिल्याच पानावर नियम होता : इंग्रजीत कर्त्याशिवाय वाक्य नाही.

"मराठीत 'जेवलो' म्हटलं की झालं," ते सांगत. "अंग्रेजीत 'मी' आधी लिहावा लागतो. पाऊस येऊन राह्यला, तरी तिथं 'इट' पाहिजे."

"इट म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कोई नहीं. पण जागा भरावी लागते."

मला हे फार आवडलं. शाळेत कोणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. महिनाभर मी दिसेल त्या वाक्यात कर्ता शोधत होतो. बाजारातलं बोलणं ऐकतानाही मनातल्या मनात 'कोण? कोण?' चालायचं.

कार्तिकात एका नाकेदाराचा रिपोर्ट आला. मोडक्या अक्षरात तीन ओळी होत्या. नाल्याच्या काठावर सागाचं झाड तोडलं. खुंट ताजा आहे. बाजूच्या धानाच्या बांधीत अमक्याची बैलबंडी उभी होती. अमका म्हणजे नाल्यापलीकडच्या पाड्यावरचा एक गोंड शेतकरी.

मी इंग्रजी करायला बसलो. झाड तोडलं. कुणी? मराठीत हा प्रश्न पडतच नव्हता, इंग्रजीत त्याच्यावाचून पुढे सरकता येईना. वाक्याला कर्ता हवा होता आणि त्या कागदावर नाव एकच होतं. मी ते वाक्याच्या सुरुवातीला लिहिलं. क्रियापदाचा भूतकाळ तपासला, झाडाआधीचं आर्टिकल तपासलं. बडे बाबू त्या दिवशी रजेवर होते. रेंजर साहेबांनी न वाचता सही केली आणि कागद टपालात गेला. वाक्य बरोबर जमलं याचा मला आनंद झाला होता, हे आज सांगायला हवं.

पंधरा दिवसांनी चांद्याहून त्या शेतकऱ्याच्या नावाने हजर राहण्याचा हुकूम आला. तो बजावायला निघालेला तोच नाकेदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाबूजी, यानं झाड तोडलं असं मी कुठी सांगतलं? मी तं तोडून पडलेलं पाह्यलं. बंडी तं त्याची रोजच तिथी राह्यते, त्याचीच बांधी हाय ते."

मी ऑफिस कॉपी काढली. कॉपी घेऊन बडे बाबूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"व्याकरणात काही चूक नाही," ते म्हणाले. "झूठ आहे, एवढंच."

"पण कर्त्याशिवाय वाक्य होत नाही, असं तुम्हीच..."

"हां, मीच म्हटलं. पुढचं पान शिकवायचं राहून गेलं." त्यांनी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहिलं. त्यात झाडच कर्त्याच्या जागी होतं आणि तोडणारा कुठेच नव्हता. झाड तोडलेलं आढळलं, एवढंच. पॅसिव्ह व्हॉइस. मॅट्रिकला मी ही रूपं घोकली होती, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा म्हणून. ती कशासाठी असतात हे मला माहीत नव्हतं.

दुरुस्तीचं पत्र त्यांनी मलाच लिहायला लावलं. मी 'चुकीने लिहिलं गेलं' अशी सुरुवात केली. नवं शिकलेलं हाताशी होतंच. त्यांनी ते खोडलं. "इथं कर्ता माहीत आहे ना? मग लिही, आय."

साहेब खूप बोलले. शेवटी म्हणाले, पत्र घेऊन तूच जा त्या शेतकऱ्यासोबत.

धानाची कापणी चालू होती. तो शेतकरी माझ्या वडिलांच्या वयाचा. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत तशाच पसरलेल्या टाकून तो निघाला. वैनगंगेपर्यंत आम्ही पायी गेलो. वाटेत मी त्याला काय झालं ते समजावून सांगितलं. डोंग्याची वाट पाहत काठावर बसलो तेव्हा त्याने विचारलं,

"तुमच्या अंग्रेजीत 'मले माहीत नाई' असं लिवता येत नाई काय?"

"येतं," मी म्हणालो.

"मंग काऊन नाई लिवलं?"

डोंगा आला.

पलीकडून मोटारीने चांदा गाठलं. पहिला दिवस नुसता बाकावर बसून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही याला झाड तोडताना पाहिलं? मी म्हणालो, "नो सर. आय डिड नॉट सी." नाकेदारानेही पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून आम्हाला जायला सांगितलं. प्रकरण मिटलं. झाड कोणी तोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परत येईपर्यंत चार दिवस झाले होते आणि मधल्या एका दुपारी अवकाळी पाणी येऊन गेलं होतं. मी त्याच्यासोबत बांधीपर्यंत गेलो. त्याची बायको भिजलेल्या कडपा उलट्या करत होती. काही लोंब्यांना कोंब फुटले होते. मीही वाकून एक कडप उचलली, तर ती म्हणाली, "राहू दे बाबूजी, तुमाले नाई जमणार."

ऑफिसातली शिकवणी पुढे दोन वर्षं चालली. बडे बाबूंच्या वहीतले सगळे नियम मी उतरवून घेतले. त्यानंतर कुठलाही रिपोर्ट आला की इंग्रजी करण्याआधी मी नाकेदाराला समोर बसवून विचारत असे : हे तू डोळ्यांनी पाहिलं, की कोणी सांगितलं, की तुला वाटलं? सुरुवातीला ते वैतागायचे. मग सवय झाली.

त्या शेतकऱ्याला मी पुढच्या उन्हाळ्यात चामोर्शीच्या बाजारात पाहिलं. तो टेंभरांचे, म्हणजे तेंदूच्या फळांचे, ढीग मांडून बसला होता, शेजारी त्याच्या गावची एक म्हातारी. मी समोर उभा राहिलो. त्याने मला ओळखलं, टेंभरं पानात बांधून दिली, वर दोन जास्तीची ठेवली. मग म्हातारीकडे वळून गोंडीत काहीतरी सांगितलं. तिने मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. त्या मुलखात पुढे एकूण तीन वर्षं काढूनही मी गोंडीचा एक शब्द शिकलो नाही.