डावीकडचा ब्रेक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आज आहे असंही म्हणत नाही. "ताई, ताणामुळे भास होतात" असलं ज्ञान कमेंटमध्ये पाजळायचं असेल तर इथेच थांबा, पुढे वाचू नका. बारा वर्षं शहापुरात ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसतेय मी. गाडी ब्रेक दाबल्यावर थांबते, नवसाने थांबत नाही... हे शिकवूनच माझं पोट भरतं.

क्लास माझ्या नवऱ्याचा, संजयचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. रात्री छातीत दुखतंय म्हणाला, मी म्हटलं ॲसिडिटी असेल, सोडा पी. सकाळपर्यंत थांबलो, तिथेच चुकलं. हॉस्पिटलात मी खाली औषधं आणायला गेले आणि दोन जिने चढून वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याची धाकटी बहीण सुरेखा वाशिंदला असते. तेराव्याला पंगत बसलेली असताना तिने मला सगळ्यांदेखत सुनावलं, "वयनी, तू उशीर केलास." गेल्या वर्षी तीच बया माझ्याकडे गाडी शिकायला आली. शिकायला कसली, दादाचा क्लास पुढे आपल्याला चालवायचाय म्हणून. मीही बसले शेजारी. म्हटलं कळू दे हिला, हे काही खायचं काम नाही.

दिवाळीनंतरचा मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन. किन्हवली सोडून आम्ही सरळगावच्या दिशेला निघालो होतो. त्या दिवसांत आमच्याकडे लोक भाता-नागलीचे पेंढे सरळ डांबरावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली फुकटात मळणी होते. गाडीवाला मेला तरी चालेल! पेंढ्यावर चाक म्हणजे साबणावर पाय. त्यात स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागून थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. डोक्याला कळून पाय हलेपर्यंत गाडी पुढे जाते ती वेगळीच. बारा दिवस सुरेखाला हेच सांगत होते. आणि ती सत्तरने चाललेली.

"हळू घे. पुढे पेंढा असेल."

"तुला सगळं हळूच लागतं," ती म्हणाली. "दादाच्या टायमालापण हळूच केलंस."

माझं डोकंच सटकलं. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही, म्हणजे डावीकडे, ब्रेक आणि क्लच असतात. चालवणाऱ्याच्या पेडलांना रॉडने जोडलेले. मी ते दाबले, स्टिअरिंग ओढून गाडी कडेला घेतली आणि उतरले. "चालव मग तुझ्या दादाची गाडी!" दार धाडकन आपटलं. शिकणाऱ्याला गाडीत एकटं सोडून शिकवणाऱ्याने कधी उतरायचं नाही, हा संजयचा पहिला नियम. मी चावीसुद्धा काढली नाही.

आणि ती खरंच निघाली. मला वाटलं दहा पावलांवर थांबेल. कसली थांबते! गिअर टाकत टाकत उतारावरून सुसाट. पुढे रस्ताभर पेंढा, आणि मधोमध एक म्हातारी, आमच्याकडे पाठ करून, वाकून पेंढा उलटतेय. हॉर्न नाही, काही नाही. मी जीव खाऊन ओरडले. ऐकणार कोण? एवढंच डोक्यात आलं — ही म्हातारी आता मरणार, आणि मीच मारली.

गाडी थांबली. म्हातारीच्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर.

मी पळत सुटले. चप्पल तुटली, ती टाकून पळाले. चांगली तीनशे पावलं असतील. पोचले तेव्हा म्हातारी कमरेवर हात देऊन भांडत होती, "मारतंस का काय गो मला? डोले हायेत का नाय?" आत सुरेखा दोन्ही पाय सीटवर घेऊन, डोळे गच्च मिटून बसलेली. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि इंजिन चालू.

आता नीट वाचा. गिअरमध्ये असलेली गाडी ब्रेकने थांबवली आणि क्लच दाबलेला नसला तर इंजिन बंद पडतं. चालू आहे म्हणजे क्लच कुणीतरी दाबलेला हवाच. मी डावीकडचं दार उघडलं. माझी सीट रिकामी. खाली दोन्ही पेडलं तळाला टेकलेली.

माझ्या डोळ्यांदेखत ती वर आली. आधी क्लच — गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मग सावकाश ब्रेक.

"तू होतीस ना गो वयनी?" सुरेखा डोळे न उघडताच म्हणाली. "तूच दाबलास ना?"

मागे वळून पेंढा पाहिला. सलग खरवडलेला नव्हता, तुकड्यातुकड्यात होता. आमची गाडी जुनी, एबीएस वगैरे काही नाही. पेंढ्यावर एकदम ब्रेक मारला की चाकं अडकून गाडी घसरतच जाते. म्हणून दाब-सोड, दाब-सोड करायचं. ही सवय संजयची. सुरेखाला मी ते अजून शिकवलंच नव्हतं. पहिल्या खुणेपासून गाडीपर्यंत पावलं मोजली, सत्तावीस भरली. दुसऱ्या दिवशी त्याच पेंढ्यावर, म्हातारीला घरी पाठवून, मी स्वतः, सुरेखापेक्षा हळू, पन्नासच्या स्पीडने तसंच करून पाहिलं. चाळीस पावलांच्या आत गाडी थांबली नाही. मेकॅनिकने रॉड-बिड सगळं खोललं. म्हणाला, "मॅडम, काय अडकत नाय. दाबल्याबिगर खाली जानारच नाय."

सुरेखा सासर-माहेरात सांगत फिरते, दादा माझ्यासाठी आला. म्हातारी म्हणते, गावदेवीने राखली. म्हणू देत. उशीर केलास हे मात्र सुरेखा परत बोललेली नाही.

मला एकच गोष्ट सुटत नाही. गाडी थांबली तेव्हाच काम झालं होतं. तरी मी अनवाणी, धापा टाकत येऊन दार उघडेपर्यंत ते ब्रेक कुणीतरी धरून ठेवले होते. हॉस्पिटलात दोन जिने चढून येईपर्यंत हा माणूस माझ्यासाठी थांबला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही. मग इथे का थांबला?

कुणाला सांगता आलं तर सांगा. बाकी ज्ञान नको.