पायाखालची पाठ

इथले गूढ अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि बऱ्याचदा मनातल्या मनात हसतो. त्यामुळे आता माझ्यावर हसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आणि गंमत अशी, की ज्या गोष्टीवर आमचं अख्खं गाव विश्वास ठेवायचं ती गोष्ट म्हणजे मीच!

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. आमच्या तीर्थपुरीकडे पक्कं मानतात, की कंबरेत चमक भरली तर पायाळू माणसानं पाठीवरून डावा पाय तीनदा फिरवावा, चमक जाते. पाय लावला की मागे न बघता निघायचं, त्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही. लहानपणी मला झोपेतून, जेवणाच्या ताटावरून, एकदा तर भर वर्गातून उठवून नेलंय. पुढे मी बियाण्यांच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसर झालो, नवीन जालन्यात घर केलं, तरी सुटका नाही. बियाण्यांचे प्लॉट बघायला कुठल्याही गावात जा, कोणीतरी ओसरीवर पालथं पडून वाट बघत असायचंच. बूट काढायचा, पाय फिरवायचा, बूट घालायचा. चमक तशीही चार दिवसांत आपोआप जाते, हे मला ठाऊक होतं. पण लोकांना कोण समजावणार... कंटाळा यायचा, दुसरं काही नाही.

मग माझीच कंबर गेली. दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मंठ्याच्या रस्त्यानं रोज मोटारसायकल, आणि त्या रस्त्याचे खड्डे ज्यांना माहीत आहेत त्यांना जास्त सांगायला नको. आधी कंबर, मग पोटरीपर्यंत कळ आणि शेवटी डावा पाय बधिर. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागायचा नाही. अंगठा वर उचलेना, त्यामुळे गिअर पडेना. गाडी नाही तर फिरती नाही आणि फिरती नाही तर माझी नोकरी नाही. गावोगावचे लोक हसायचे, "साहेब, साऱ्यांच्या पाठी नीट केल्या तुम्ही, आता तुमच्या पाठीला पाय कोन लावनार?" मीही हसायचो. हसलं की कळ यायची.

एम.आर.आय.मध्ये कंबरेतली गादी सरकलेली दिसली. पाठ उघडून ऑपरेशन करायला माझी बायको मंगल तयार नव्हती. औरंगाबादला एक डॉक्टर लेसरनं करतात असं कळलं... पाठीतून लांब सुई थेट गादीत घालायची, सुईतून बारीक तार न्यायची आणि लेसरनं आतला थोडा भाग जाळायचा, म्हणजे नसेवरचा दाब कमी होतो. टाका नाही, भूल तेवढ्याच जागेपुरती. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "ताकद बहुतेक येईल. बधिरपणाचं मात्र मी सांगू शकत नाही. नस फार दिवस दबलीय."

आम्ही नातेवाइकांत कोणालाही सांगितलं नाही. मंठ्याच्या कौसाआत्याला तर नाहीच. ती स्वतःच पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती आणि 'दत्ताला पाय लावायला धाडा' म्हणून तिचे निरोपावर निरोप येत होते. माझंच असं झालंय हे कळलं असतं तर म्हातारीनं जेवण सोडलं असतं. कामाच्या गडबडीत आहे, असं कळवत राहिलो.

ऑपरेशन भर दुपारी झालं. मी टेबलावर पालथा, अंगात मागून उघडा हिरवा गाऊन, आणि पूर्ण जागा. सुई आत गेली तेव्हा नुसता दाब कळला. "पायात कळ आली तर लगेच सांगा," डॉक्टर म्हणाले. मशीन टिकटिक करायचं, थांबायचं, परत टिकटिक.

आणि माझ्या डाव्या तळव्याखाली काहीतरी उबदार लागलं.

त्या पायाला कित्येक महिने चटकासुद्धा कळत नव्हता हो! पण ती पाठ होती. जन्मभर मी दुसरं केलंय काय... माझ्या तळव्याला पाठ कळते. म्हाताऱ्या बाईची पाठ, मऊ जुनं लुगडं, वर आलेली हाडं आणि मधलाच एक मणका बाहेर आलेला. माझा पाय तिच्यावरून खाली फिरला. मी फिरवला नाही. मग वर आला आणि पुन्हा फिरला.

"डॉक्टर, माझ्या पायाखाली कोण आहे?"

मशीन थांबलं. सिस्टरनं चादर उचलून पाहिलं. "कोणी नाही हो. पाय टेबलाबाहेर आहेत तुमचे, खाली नुसती फरशी."

"पाय हलतोय का?"

"नाही. गप पडून राहा."

ती हे म्हणत असतानाच पाय तिसऱ्यांदा फिरला. मग ऊब गेली आणि पायाचं पुन्हा लाकूड झालं. डॉक्टर मात्र खूश होते, म्हणाले नस जागी होतेय. मी ते पटवून घेतलं.

घरी येऊन काही दिवस झाले असतील. आत्याचा मुलगा रामदासदादा, मंठ्याच्या मोंढ्यात त्याचं आडतीचं दुकान आहे, तो तणतणतच आत शिरला.

"काय रे दत्ता, लई मोठा साहेब झालास का? घरी येतूस अन् कोनाला न भेटता जातूस?"

"मी कधी आलो?" मी पट्टा बांधून पलंगावर पडलेलो.

"मागच्या बाजाराच्या दिवशी! आमी समदे बाजारात गेल्तो. माय म्हनती, दत्ता आल्ता, पाय लावला अन् बिलकुल मागं न बघता गेला. दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली. आता अंगनात चालून राह्यली. आमाला आनंदच हाय रे, पन दुकानावर निरोप तरी द्यायचा व्हता."

मंगल चहा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. "भावजी, त्या दिवशी ह्यांचं पाठीचं ऑपरेशन होतं. औरंगाबादला. दुपारभर मी बाहेर बाकड्यावर बसलेली."

रामदासदादानं माझ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसला.

"मंग माय खोटं कामून बोलंल?" आता त्याचा आवाज खाली आला होता. "ती म्हनत व्हती, दत्ताला काय झालंय बघून ये. अंगात हिरवं झबलं, मागून सारं उघडं. अन् कंबरेत पोती शिवायचं दाभण टोचलेलं. माझ्या पाठीला पाय लावून राह्यला अन् त्याचं दाभण कोन काढनार, म्हनून रडून राह्यली ती."

त्या दिवशी चहा कोणीच प्यायला नाही.

आत्या पुढे कितीतरी वर्षं हिंडती-फिरती राहिली. मी तिला भेटून खोदून खोदून विचारलं. ती एवढंच म्हणाली, "लई दुखलं का रे, बाळा?" मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला नस कळते. ह्यातलं मला काही कळत नाही."

ताकद आली. खाली बघून का होईना, गिअर टाकता आला आणि नोकरी टिकली. बधिरपणा मात्र तसाच राहिला. तापलेली फरशी कळायची नाही, काटा मोडला तरी रक्त दिसल्यावर समजायचं. तो पाय गेला, असं मी धरून चाललो होतो.

मग एकदा धुणं पिळताना मंगलच्याच कंबरेत चमक भरली. चटईवर पालथी पडून म्हणाली, "लावा हो पाय. अन् हसू नका." मी पाय ठेवला... आणि ऊब लागली. तिचा श्वास, ब्लाउजची शिवण, एकेक मणका. घाबरून पाय काढून फरशीवर टेकवला, तर काही नाही. पुन्हा पाठीवर ठेवला, पुन्हा ऊब.

तेव्हापासून आजपर्यंत तसंच आहे. ह्याचा अर्थ काय, ते मला ठाऊक नाही, आणि आता विचारून विचारून मी दमलो. मी निवृत्त झालोय, लोक मात्र अजून येतात, ओसरीवर पालथे पडतात, या वयात तुम्हाला त्रास देतो म्हणून हात जोडतात. मी कोणालाही परत पाठवत नाही. तेवढा वेळ मला माझा पाय असतो.