खडू गेली, डस्टर नाही

सकाळचे अकरा बेचाळीस. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या मशीनवर ती एक काच घासत होती. काच प्लास्टिकची, पण धंद्यात तिला अजून काचच म्हणतात. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती आणि ती दर चार-पाच सेकंदांनी काच उचलून फ्रेमला लावून बघत होती. केसभर जास्त घासली तर काच खुळखुळते, केसभर कमी घासली तर फ्रेम तडकते. सव्वीस वर्षं हेच काम. पुढचं काउंटर नणंदेचं, मागची खोली हिची. नवरा सकाळी फ्रेमा आणायला जातो आणि दुपारी जेवायला येतो. दुकान त्याच्या नावावर आहे, एवढाच त्याचा दुकानाशी संबंध, असं नणंद गिऱ्हाइकांदेखत सांगते.

"वहिनी, बाहेर ये. दांडी तुटलीय आणि माणसाला काही दिसत नाहीये."

"ऐकू येतंय मला," गिऱ्हाईक म्हणालं. "कान शाबूत आहेत. बरोबर ना?"

त्या "बरोबर ना"वरच तिने त्याला ओळखलं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, मुठीत तुटका चष्मा. दहावी अ चा मॉनिटर. वर्गातही प्रत्येक वाक्याला हीच शेपटी असायची, मग ते वाक्य खरं असो की खोटं. याआधी वर्गातले तिघे दुकानात येऊन चष्मे करून गेले होते. तिघांपैकी एकानेही तिला ओळखलं नव्हतं, आणि स्वतःहून ओळख सांगायला ती काही गिऱ्हाइकांच्या मागे धावणारी बाई नव्हती.

तिने चष्मा उजेडात धरला. उणे सहा. उजवी दांडी बिजागरीपाशी मोडलेली.

"याच्याशिवाय समोरचं माणूस दिसत नसेल तुम्हाला."

"माणूस आहे इतकं कळतं. बाई का बुवा, ते आवाजावरून. नवा नंबरही काढलाय, कागद फोनमध्ये आहे." त्याने फोन नाकाला टेकवून कागद शोधला आणि तिच्या हातात दिला.

तिने कार्डावर उजव्या डोळ्याचा आकडा उतरवला. डाव्याचा नीट दिसावा म्हणून बोटाने चित्र सरकवलं, तर पुढचा फोटो आला.

इयत्ता दहावी अ. तीन रांगा, पुढे मांडी घालून बसलेली मुलं, मधोमध काळी पाटी. भोवती काळी चौकट. पाच चेहऱ्यांना काळी वर्तुळं आणि खाली ओळ: "आम्हाला अर्ध्या वाटेवर सोडून गेलेले." पाचांतला एक चेहरा दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली, ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा तिने सकाळीच आरशात पाहिला होता, पस्तीस वर्षं जमेला धरून.

"हा फोटो कसला?"

"तो? आमचा वर्ग. सहा वर्षं झाली ग्रुप करून, मीच ॲडमिन. रोज आठवणींचा नुसता पूर असतो. उद्या अकराला शाळेच्या ग्रंथालयात हाच फोटो मोठा फलक करून लावतोय. आज सहापर्यंत छापायला द्यायचाय, म्हणून तर आज दिसायला पाहिजे. बरोबर ना?"

"आणि ही? दुसऱ्या रांगेतली?"

"दुसऱ्या रांगेत... हां, डस्टर! गेली बिचारी. चोविसाव्या वर्षी. तापाचं निमित्त झालं. काय अक्षर होतं हो तिचं! रोज फळ्यावर सुविचार लिहायची. पुसवत नसे. दरवर्षी भेटतो तेव्हा दोन मिनिटं उभे राहतो आम्ही तिच्यासाठी."

काउंटरवर नणंदेच्या हातातला स्टेपलर थांबला. वहिनीचं शाळेतलं नाव तिला ठाऊक होतं. "अहो, ही तर..." ती म्हणायला लागली, तेवढ्यात वहिनीने हात वर केला.

"डस्टर पुसायची," ती म्हणाली. "लिहायची ती खडू."

"काय?"

तिने तुटका चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि उजव्या बाजूने स्वतःच्या बोटाने धरून ठेवला. "आता बघ."

त्याने बघितलं. एकदा फोनकडे, एकदा तिच्याकडे, पुन्हा फोनकडे.

"तू? तू... आहेस?"

"आहे की. सकाळी दहापासून इथेच आहे. त्याआधी सव्वीस वर्षंही इथेच होते. शाळेपासून चार गल्ल्या."

नणंदेला राहवलं नाही. "बघा, मेल्यावरही सुट्टी घेत नाही आमची वहिनी."

तिसऱ्या बाकावर दोघी बसत. एक लिही, दुसरी पुशी. म्हणून गणिताच्या सरांनी नावं पाडली खडू आणि डस्टर, आणि पुढे हजेरी सोडली तर त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली नाही. खडूचं अक्षर छापल्यासारखं होतं. नोटीस, सुविचार, तपासणीला येणाऱ्या साहेबांचं स्वागत, सगळं तिच्याकडून लिहून घेत. शाळा सुटल्यावर ती एका औषधाच्या दुकानात लेबलं लिहायला लागली आणि चोविसाव्या वर्षी तापाने अकरा दिवसांत गेली. त्या अकरा दिवसांत वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावर डस्टर बसलेली होती. वर्गातलं दुसरं कुणी फिरकलं नाही. नंतर कुणीतरी कुणालातरी सांगितलं, "खडू-डस्टरमधली एक गेली." कोणती, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सहा वर्षांपूर्वी ग्रुप झाला, फोटो निघाला, गेलेल्यांची यादी करायची ठरली. त्या फोटोत दोघींपैकी एकच उभी होती. मग तिलाच मारून टाकली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, वर्गाने आपल्याला वगळलं. एकदा तिने कुणाच्या तरी फोनवर त्यांच्या जेवणाचे फोटो पाहिले होते आणि त्या दिवशी दोन काचा बिघडवल्या होत्या. आता कळलं की वगळलं नव्हतं, पुरलं होतं. एका फोनचं काम होतं. तोही कुणी केला नाही.

मॉनिटर मात्र खुशीत आला होता. अशी बातमी ग्रुपवर टाकायला मिळते कुठे? तिने जुन्या पेटीतून एक दांडी शोधून बसवेपर्यंत त्याने तिचा नंबर घेऊन तिला ग्रुपमध्ये टाकलंही होतं. दांडी तपकिरी, फ्रेम काळी. "तात्पुरती आहे," ती म्हणाली. "आणि सहाच्या आत तो फलक बदल. माझं वर्तुळ काढ, खडूचं घाल."

"खडूचा फोटो कुठून आणू? ती नाहीच ना त्यात."

"ती त्यात का नाही, ते तुला माहीत आहे."

तो चष्मा सारखा करत निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत तिने ग्रुप उघडला. एकोणचाळीस माणसं. "भुताला ग्रुपमध्ये कुणी घेतलं?" "वरती नेटवर्क बरं येतं वाटतं!" "आमची दोन मिनिटं परत कर." एकाने तिच्या पुनर्जन्माचा व्हिडिओ करायची तयारी दाखवली. तिने वर सरकवत सहा वर्षांच्या आठवणी वाचल्या. डस्टरच्या नावावर खडूचं सगळं जमा होतं. तिचं अक्षर, तिचा खोकला, सहलीच्या बसमध्ये तिने सगळ्यांच्या पिशव्यांवर लिहून दिलेली नावं. मेलेल्या मुलीचं एक-एक काढून जिवंत बाईच्या अंगावर चढवलं होतं आणि वर लोकांनी डोळे पुसले होते.

हसण्यावारी न्यायला तिची हरकत नव्हती. स्वतःच्या मरणावर ती नणंदेबरोबर पोट धरून हसली होती. पण खडूची आई अजून आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. स्वतःच्याच चष्म्यावर बसायची तिला सवय, त्यामुळे दर महिन्याला तो सरळ करून घ्यायला येते आणि फ्रेम गरम होईपर्यंत विचारते, "तुमच्या वर्गाचं काही कळतं का गं? काढतात का कुणी तिची आठवण?" उद्या ग्रंथालयात फलक लागणार. आणि जिची आठवण म्हणून लागणार, तीच त्यावर नसणार. दुसऱ्यांदा.

तिने लिहिलं: "खडू गेली. मी नाही. फोटोच्या दिवशी पाटी तिनेच लिहिली. मग तिला ऑफिसात बाकीच्या वर्गांच्या पाट्या लिहायला बसवलं. फोटोवाला आला तेव्हा सर म्हणाले, तिला बोलावून आण. पाठवलेला मुलगा दारापर्यंत गेला, परत येऊन मधे उभा राहिला आणि म्हणाला, सगळे आले सर. मी तोंड उघडलं तर सर म्हणाले, गप्प उभी राहा. मी गप्प उभी राहिले. तेही लिहून ठेवा."

मग पहिल्या नंबरवाली, जी आता डॉक्टर आहे, तिने लिहिलं, "जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार? पॉझिटिव्ह राहू या." तिला चौदा अंगठे मिळाले. "गेलेल्यांवरून भांडण नको," दुसरं कुणी म्हणालं. मॉनिटरने ॲडमिन म्हणून खुलासा टाकला: "तांत्रिक चुकीमुळे एका चेहऱ्याला वर्तुळ झाले आहे. ते काढण्यात येईल. श्रद्धांजली आता चार जणांना राहील."

चार जणांना. म्हणजे जिवंत बाई सोडवून घेतली आणि मेलेली हिशेबातूनच उडवली.

तिने मशीन बंद केलं आणि एकच ओळ लिहिली: "तिचं नाव काय होतं, कुणी एकाने सांगा."

कुणीतरी लिहिलं, "खडू."

"ते सरांनी पाडलेलं. आईबापांनी ठेवलेलं सांगा."

फोनवर दिसत होतं, पंचवीस जणांनी वाचलं. एकतीस जणांनी वाचलं. अडतीस. ज्या लोकांना सहलीच्या बसचा नंबर आठवत होता, शाळेबाहेरच्या सायकलवाल्याच्या कुत्र्याचं नाव आठवत होतं, त्यांच्यापैकी एकालाही एका मुलीचं नाव येत नव्हतं. नणंद तिच्या खांद्यावरून वाचत होती. "वहिनी, एवढ्या लोकांत एका मेल्यालाही नाव आठवत नाही?"

चार वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं. मॉनिटरचं. हजेरी क्रमांक तेवीस, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. खाली एक ओळ: "सरांनी मला पाठवलं होतं. मी गेलो नाही. मधली जागा गेली असती."

कुणी अंगठा दिला नाही. थोड्या वेळाने कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलं.

पाच वाजता तो दुकानात आला, तपकिरी दांडीचा चष्मा नाकावर घसरत असलेला.

"लिहिलं मी," तो म्हणाला.

"वाचलं. नाव पाठ होतं तुला."

"मॉनिटर होतो. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर मीच लिहायचो. तिचं रोज असायचं. तुझंही."

"पाठ होतं, म्हणजे कोण गेली तेही तुला पहिल्या दिवसापासून कळलं असणार."

तो काउंटरवरच्या फ्रेमांकडे बघत राहिला. "शंका होती. पण लोकांनी तुझं नाव घेतलं, फोटोत तू होतीस, वर्तुळ करायला चेहरा मिळत होता. तिचं नाव काढलं असतं तर फोटोत ती का नाही, हे निघालं असतं."

"म्हणून मला मारलंस."

"मारलं काय म्हणतेस..."

"सहा वर्षं दोन-दोन मिनिटं उभा राहिलास ना? माझ्यासाठी? तिच्यासाठी? का स्वतःच्या त्या मधल्या जागेसाठी?"

तो "बरोबर ना" म्हणाला नाही. पाचला दुकानात आल्यापासून एकदाही म्हणाला नव्हता.

"फोटो नाही तिचा," तो पुन्हा म्हणाला, पण आता विचारल्यासारखं. "वर्तुळ कशाला करू?"

तिने त्याच्या फोनवर तो फोटो मोठा केला आणि पुढच्या रांगेच्या मधोमध बोट ठेवलं. काळ्या पाटीवर पांढरं, छापल्यासारखं अक्षर: इयत्ता दहावी अ.

"पाटीला कुणी वर्तुळ करतं का? लोक हसतील."

"दिवसभर हसलेच आहेत. माणूस तुम्ही ठेवलं नाहीत, निदान अक्षर तरी तिथे आहे. खाली पूर्ण नाव घाल. आणि लिही, ही पाटी तिने लिहिली."

पावणेसहाला छापखान्यातून त्याने नमुना पाठवला. दुसऱ्या रांगेतली डावीकडून चौथी मुलगी मोकळी होती. पाटीभोवती काळी रेघ होती. नाव तिने अक्षर-अक्षर तपासलं, मग "ठीक" असं लिहिलं. "आभार" नाही, "धन्यवाद" नाही. त्याने विचारलं, "मग झालं ना मिटलं?" तिने फोन पालथा ठेवला.

खडूच्या आईला फोन नणंदेने लावला आणि तिच्या हातात दिला. "मावशी, उद्या साडेदहाला तयार राहा," ती म्हणाली. "न्यायला येते. आणि चष्म्यावर बसू नका, उद्या लागणार आहे."

दुकान बंद करताना तिने मॉनिटरच्या नव्या काचांचं कार्ड उद्याच्या खणात ठेवलं. त्यावर वेळ सकाळी साडेदहाची होती. ती खोडून तिने दुपारी साडेबारा केली. म्हणजे कार्यक्रमाला तो दोन रंगांच्या दांड्या लावूनच उभा राहील. मग तिने दारावर चिठ्ठी चिकटवली: उद्या काउंटर नेहमीप्रमाणे दहाला उघडेल, काचा बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम साडेबारानंतर.