आत्यांच्या नावेचं नरडं

‘नाय जमणार’ हे दोन शब्द कानावर पडले की आमच्या आत्यांना भूक लागते. दुसरी माणसं अशा वेळी रडतील, भांडतील, नाहीतर गुमान घरी जातील. आत्या आधी जेवायला बसतात आणि हात धुतला की तेच काम करायला उठतात. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याकाठी त्यांचं गाव आहे आणि तिथं त्या इंजिनाची नाव चालवतात. आधी त्यांचे यजमान चालवायचे. ते गेल्यावर गावानं सांगितलं, बाईमाणसाला हे नाय जमणार. त्या दिवशी म्हणे आत्यांनी भाकरीचं टोपलं रिकामं केलं. तेव्हापासून सुकाणू त्यांच्या हातात आहे.

नावेत त्यांचाच कायदा चालतो. आधी मेंढ्या, मग बाया, मग पुरुष, आणि मोबाइलवर मोठ्यानं बोलणारे पुरुष सगळ्यांत शेवटी. मेंढी ढुसण्या देती पण सल्ला देत नाय, असं त्यांचं म्हणणं. एकदा पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी पुढं घुसला आणि म्हणाला, “मावशी, मी कोण आहे माहीत आहे का?” आत्या म्हणाल्या, “व्हय, दिसतंय की. पुरुष हायेस. सर तिकडं, मेंढ्या चढू दे.” त्या गर्दीत बिचारा पलीकडं पोचेपर्यंत मांडीवर कोकरू घेऊन बसला. उतरताना त्याला आभार सोडा, “मान नीट धराया शिक,” एवढंच ऐकायला मिळालं.

नावेच्या मधोमध, लाकडी पेटीखाली, एका जुन्या ट्रकचं इंजिन बसवलेलं आहे. त्याच्या अंगाला फांद्या फुटल्यासारखा एक जाड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नळ आहे. तो इंजिनातला धूर गोळा करून मागच्या पाइपात सोडतो. मिस्त्री त्याला मॅनिफोल्ड म्हणतात, आत्या नरडं म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात ते नरडं चिरलं. धूर नावेतच कोंडायला लागला, मेंढ्या खोकायला लागल्या आणि नाव काठाला बांधून ठेवावी लागली.

आत्यांचा मुलगा शहरात कंपनीत आहे. माणूस गरीब स्वभावाचा, आईवर जीव असलेला. पूल झालाय, रस्ता झालाय, नाव भंगारात घालू आणि माय, तू माझ्याकडं राहायला चल, असं तो कितीतरी वर्षं म्हणत होता. नरडं चिरल्यावर त्याला जोर आला. रविवारी भंगारवाल्याला घेऊनच येतो, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. आत्या मला म्हणाल्या, “तिथं पाणी नळातनं येतं अन् माणसं दारं लावून बसत्यात. मी काय करू गं तिथं? गॅलरीत सुकाणू धरून उभी राहू?” बोलताना त्या हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. नाव गेली की त्यांचं गाव जाणार, हे मला तेव्हा कळलं.

हे बोलणं झालं शहराच्या कडेला, आमच्या चिकलठाण्याच्या घरात. त्या नरडं गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आल्या होत्या. कंडक्टर म्हणाला होता, “आजी, बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढा, गुदमरंल.” आत्या म्हणाल्या, “त्याचा श्वास लई हाय बाबा, तोच तर आवरंना.” पाणी पिऊन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “चल. घुम्यागत घरात काय बसलीस?” मला चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो. म्हणून मी गोधडीचं एक टोक धरलं आणि मागं मागं गेले.

सगळ्या दुकानांत एकच उत्तर. नवं टाका. नवं कुठं मिळेल? ते आता निघत नाही. जुन्या बाजारात एक सापडलं, तर त्याला आमच्यापेक्षा मोठी चीर. आत्या त्याच्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “ह्याच्यापुढं माझं तरणंताठं हाय.” शेवटी एका वयस्कर वेल्डरभाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. “आपा, ये बीड है. थंडे पे टाका मारा तो बाजू से फटेगा. पहले भट्टी में तपाना, फिर टाका, फिर गरम राख में धीरे धीरे थंडा करना. इत्ती बडी भट्टी किधर से लाऊं? नक्को, ये नईं होने का.”

आत्या माझ्याकडं वळल्या. “सूनबाई, भूक लागली.”

आम्ही नान-खलियाच्या एका दुकानात बसलो. आत्या खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, खात नाहीत, त्या कोरडा नानच चहात बुडवून खात होत्या आणि त्यांचे डोळे नान भाजायच्या मोठ्या भट्टीवर खिळले होते. मग त्या उठल्या. भट्टीवाला ओरडला, “आपा, इसमें नान लगते, मशीन नईं!”

“दुपारी नान संपल्यावर भट्टी काय करती?”

“थंडी होती.”

“मग बसून कशाला ऱ्हाती? कामाला लाव तिला.”

तो नक्को म्हणाला की आत्या एक नान उचलत. गिऱ्हाइकांना काही उरणार नाही असं दिसायला लागलं, तेव्हा तो कबूल झाला. दुपारी नरडं भट्टीत गेलं. वेल्डरभाईंनी हातगाडीवर मशीन आणून टाके मारले आणि ते परत राखेत पुरलं. आत्यांनी भट्टीवाल्याला दम भरला, “पाण्याचा थेंब लागू देऊ नको. तापल्या बिडाला थेंब लागला की तडकतंय.” त्या भीतीनं बिचारा दुसऱ्या दिवसापर्यंत रस्त्यावर जाऊन हात धूत होता.

रविवारी मुलगा आणि भंगारवाला काठावर उभे असताना आत्यांनी इंजिन सुरू केलं. मागच्या पाइपातून धूर निघाला, नावेत जराही नाही. त्या पलीकडं जाऊन आल्या. काठावरच्या मेंढपाळांनी शिट्ट्या मारल्या. आत्यांचा चेहरा असा उजळला की भंगारवाल्यानंसुद्धा टोपी काढली. मग त्यांनी इंजिनावरची पेटी उघडली, पिशवीतून नारळ काढला आणि, उपकार नरड्याचे म्हणून, तापल्या नरड्यावरच फोडला.

तड् असा आवाज आला. तो नारळाचा नव्हता.

टाके जागच्या जागी होते. त्यांच्या शेजारीच नवी चीर पडली होती. मुलगा हळू आवाजात म्हणाला, “माय, आता बास कर.” आत्या फळीवर बसल्या. मी नावेत उतरून खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. त्यांनी मान हलवली, नको. आत्यांनी खायला नको म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी पान्हा उचलला आणि काठावरच्या मुलासमोर धरला. “भाऊजी, नट ढिले करा.”

“वहिनी, तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा. नानवाल्याची भट्टी उद्या दुपारी मोकळी होईल. टाका कुठं तुटलाय? नवीन चीर नवीन टाक्यानं बुजंल. नाव आत्यांची आहे. त्या म्हणतील तेव्हा भंगारवाल्याला बोलवा.”

एवढं मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते. मग भाऊजींनी बाह्या वर केल्या आणि नट काढायला बसले. आत्या म्हणाल्या, “ते खोबरं कुठं गेलं गं?”

आता नरड्यावर टाक्यांच्या दोन ओळी आहेत आणि नाव चालते. मेंढरांचे कळप फिरतीवर निघाले की आत्यांना बसायला फुरसत नसते. बाकीचे दिवस माणसं पुलावरून जातात. मागच्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा सकाळपासून कुणीच आलं नव्हतं. तरी आत्यांनी पदर खोचला आणि दोर सोडला.

“पलीकडं कोण आहे, आत्या?”

“कुणी नाय.”

“मग?”

“असंल तर?” त्या म्हणाल्या, आणि रिकामी नाव घेऊन पलीकडं निघाल्या. इंजिनाचा आवाज पाण्यावर बराच वेळ ऐकू येत होता.