पाच हातांचा धुरा

मोताळ्याकडच्या एका माणसानं मला फसवलं, आणि मी चिखलीत राहणाऱ्या एका म्हातारीला फसवतो आहे. पहिली गोष्ट मी चारचौघांत ओरडून सांगतो. दुसरी आज लिहितो.

मी हेडी. बैलांच्या बाजारात सौदे जमवण्यात हयात गेली. आमचा सौदा दुपट्ट्याखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. कागद नाही, सही नाही. तरी त्या सौद्यावरून फिरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

त्याच कमाईतून देऊळघाटच्या शिवारात पहिलं वावर घेतलं. शेजारचं वावर म्हातारीचं, मधे धुरा. दोन वावरांमधला हा बांध आमच्याकडे दर पेरणीला नांगराच्या एका तासानं, एका सरीनं, कोरतात. शेजाऱ्याला कळेपर्यंत हातभर जमीन आपली झालेली असते. मला मात्र तिच्या वावरातून बैलगाडीला वाट हवी होती.

"वाट देतो तुले," ती म्हणाली. "पण धुरा कोरायचा नाही."

"किती सोडू?"

"दुपट्टा काढ."

"मावशी, लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. तुहे काका बैल घेत तवा बोटं मीच दाबत होतो."

मी दोन बोटं दाबली, म्हणजे धुरा दोन हात रुंद. तिनं माझा आख्खा पंजा आवळला. मी तीनवर आलो, चारवर अडलो. ती पाचच्या खाली उतरली नाही. बाजारात मला असं कोणी कधी दाबलं नव्हतं.

पहिल्याच पेरणीला मी गुपचूप वितभर कोरलं. तिनं वाकून, कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत धुरा मोजला आणि म्हणाली, "ह्या वितीचं उत्तर दे बे." घमेल्यानं माती वाहून मी तो पुन्हा भरला. आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढं कधीतरी त्या धुऱ्याचा राग यायचा थांबला. तो नाल्यापासून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत जात होता. वर हिवर, बोरी, पळस; खाली कमरेएवढं गवत, ज्याच्या मुळाशी नांगर कधी लागला नव्हता. ससे आणि मुंगूस डोंगरावरून त्याच आडोशानं नाल्यावर पाण्याला येत. हिवराच्या ढोलीत पिंगळ्याची, त्या छोट्या घुबडांची, जोडी होती. आमच्या वावरात उंदरांचा त्रास इतरांपेक्षा कमी, तो का, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी गवतात तितर बोलू लागला की म्हातारी खुरपं खाली ठेवायची.

"हे आपल्या आंधीचे इथले," म्हणायची. "आपून मांगून आलो."

तिचे गुडघे गेले. लेक चिखलीला, तिच्याकडे जाऊन राहायचं ठरलं. वावराला गिऱ्हाईक मीच शोधलं, मोताळ्याकडचा एक माणूस. तिची एकच अट होती, धुरा तसाच राहावा. त्या माणसानं दुपट्ट्याखाली माझ्या हातात पाच बोटं दाबली. खरेदीच्या दिवशी कागद लिहिणाऱ्यानं विचारलं, "आणखी काही अट टाकायची का?" म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून म्हणालो, "काही नाही. शब्द झाला आहे."

ते वाक्य माझं. दुपट्टाही माझाच.

त्या उन्हाळ्यात मी मोताळ्याच्या बाजाराला गेलो होतो. परत आलो तर धुरा गेलेला, जेसीबीचे दात मातीत उमटलेले, आणि हिवर मुळं वर करून माझ्या वावरात पडलेला. पिंगळा त्या आडव्या खोडावर बसला होता, भर उन्हात. तिसऱ्या दिवशी नाल्याकडे निघालेला ससा उघड्या रानात कुत्र्यांनी धरला.

मी त्या माणसाची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "कागद दाखवा न काका. मी माह्या हद्दीतलं काढलं. मुळं तुमच्याकडे गेली त्याले मी काय करू?"

"शब्द देल्ता तू!"

"शब्द बैलाचा चालते. जमिनीले कागद लागते."

सात-बाऱ्यावर इतर हक्कांचा एक रकाना असतो. आयुष्यभर जमिनी घेताना दुसऱ्यांचे उतारे वाचून मी त्यांना खिंडीत गाठलं. म्हातारीची अट त्या रकान्यात बसली असती की नाही, हे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

मुळांसकट उलथलेले माझ्या वाट्याचे अडीच हात मी तसेच सोडलेत. तिथं गाजरगवत माजलं. झाडं वाटणारी मंडळी आली, पिशव्यांतली रोपं दाखवली, फोटो काढू म्हणाली. मी विचारलं, "तितर कोणत्या पिशवीत आहे?" त्यांच्यातली एक मुलगी मात्र थांबली. म्हणाली, झाड लावता येतं, पण न मोडलेली जमीन लावता येत नाही. गाजरगवत उपटा, इथलंच बी आणा आणि वाट बघा. आता मी शेळ्यांच्या लेंड्यांतून हिवराचं बी वेचतो. हेडी लेंड्या वेचतो म्हणून लोक हसतात. चार रोपं बोटभर आली आहेत. माझं वय बघता त्यांची ढोली बघणं माझ्या नशिबात नाही.

म्हातारीचा फोन येतो. पहिलं तिचं तेच, "तितर बोलते का रे अजून?"

"हाव मावशी, बोलते."

"आन् पिंगळा?"

"हाये न."

परवा म्हणाली, "पोळा झाला की येतो मी. हिवराखाली घडीभर बसतो."

म्हणून तुला सांगतो, पाच बोटं दाबणाऱ्या माणसा. कोर्टात गेलो तरी तू जिंकशील, कागद तुझा आहे. पण पोळ्यानंतर ती येईल त्या दिवशी तुझ्या वावरात उभा राहा. ती वाकेल, हात टाकत मोजायला लागेल, आणि तिचा हात सोयाबीनवर पडेल. मला जे भोगायचं ते मी तिच्यासमोर भोगेन. पण झाड माझ्या हातानं पडलेलं नाही. तेव्हा पळू नकोस. तिच्या तोंडाकडे बघ आणि पाच हातांचं उत्तर दे.