शीलाइटचा निळा उजेड

कोपरीच्या त्र्यंबकराव गुप्त्यांना माणसांपेक्षा दगडांचा लळा जास्त. त्यांच्या पत्नी हेमाताई तर स्पष्टच सांगायच्या, "आता एक जरी दगड घरात आणलात, तर तुम्हालाच गॅलरीत ठेवीन." निवृत्तीनंतरही ते वागळे इस्टेटमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत टंगस्टनचे नमुने तपासायला जात.

तिथे नव्याने लागलेल्या कोलशेतच्या इलेन परेराला त्यांनी समजावलं होतं, "अगं, चुनखडीत खालून तापलेला ग्रॅनाइट घुसतो. त्यातून निघालेलं गरम पाणी टंगस्टन घेऊन भटकत असतं. चुनखडीतलं कॅल्शियम भेटलं, की टंगस्टन तिथेच ठाण मांडतं. त्याचं शीलाइट हे खनिज होतं." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. शीलाइट साध्या उजेडात कुणाला ओळखू येत नाही. काळ्या पडद्याआड अतिनील दिवा धरला की शुद्ध शीलाइट निळसर उजळतं. त्यात मॉलिब्डेनम हा दुसरा धातू मिसळलेला असला तर पिवळट.

त्या दुपारी नव्या जागेचे नमुने आले. त्र्यंबकरावांनी एकजात सगळे पिवळट ठरवले.

"सर, मला तर निळे दिसतायत," इलेन चाचरत म्हणाली.

"तुझं वय नसेल तेवढी वर्षं मी हा दिवा धरतोय!" ते खेकसले, आणि लगेच ओशाळलेही. तिची खात्री पटवायला त्यांनी कपाटातून तुलनेसाठी ठेवलेला शुद्ध तुकडा काढला आणि दिव्याखाली धरला.

तोही पिवळट दिसला.

बिचारे कितीतरी वेळ बघतच राहिले. मोतीबिंदू पिकत आलाय, डोळ्यांना निळा रंग कमी दिसत जाईल, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बजावलं होतं. ते त्यांनी हेमाताईंनाही कळू दिलं नव्हतं. डोळे गेले तर काम गेलं, आणि काम गेल्यावर या माणसाजवळ उरणार तरी काय?

"इलेन," ते हळूच म्हणाले, "हा कसा दिसतोय गं?"

"निळा, सर."

"मग सगळे नमुने तूच बघ. आजपासून अहवालावर सही तुझी. माझे डोळे आता खोटं बोलतात."

इलेन दिव्याजवळ सरकली.

"नीट सांग ना मला," त्र्यंबकराव म्हणाले. "कसा निळा?"

"गॅसची ज्योत एकदम बारीक केल्यावर असते ना सर, तसा. मधे जरा दुधाळ."

"हो, तसाच," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर त्यांना तो स्वच्छ दिसला.