अनसूयाताईंची बाव

आमच्या सिल्व्हर पार्कच्या सोसायटीत नवीन माणूस आला की अनसूयाताईंना हमखास कामवाली समजतो. खरं म्हणजे ही इमारत त्यांच्या सासऱ्यांच्या भातखाचरावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटपैकी एकात त्या राहतात, दुसऱ्यात मुलगा भूपेश. माहेर घोडबंदरचं, वडील मिठागरावर, शाळा चौथीपर्यंत. तोंडातून ‘हाय-न्हाय’ आलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. तो बदल मी अकरा वर्षं पाहते आहे.

इमारतीमागे त्यांची जुनी विहीर आहे. त्या तिला बाव म्हणतात. घरात लग्न असलं की हळदीचं पाणी वाजतगाजत तिथूनच येतं. यंदा कमिटीने ती बुजवायचं ठरवलं, आठ गाड्या लावायला.

“बाय, मीटिंगला मी बोलनार हाय,” अनसूयाताई मला येऊन म्हणाल्या.

इथे मी चुकले. कोणी हसू नये म्हणून मी त्यांना चांगल्या मराठीत दीड पान लिहून दिलं आणि तीन दुपारी ते पाठ करून घेतलं. त्या बिचाऱ्या निमूटपणे म्हणत राहिल्या.

रविवारी मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. “सन्माननीय सभासदहो, सदर विहिरीचे भू... भूजल...” तिथेच अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

“मावशींना स्क्रिप्ट कोणी दिली गं?” मागून तिसऱ्या मजल्यावरची ममता म्हणाली. खसखस पिकली. हसणारे सगळे मराठीच होते. आमचे गुजराती शेजारी मान खाली घालून ऐकत होते.

अनसूयाताईंनी कागद खुर्चीवर ठेवला. “चैतान पन तिचा पानी आटत न्हाय. तुमी टँकर मागवताव, नि घरची बाव बुजवताव?”

भर चैत्रातही न आटणारी विहीर बुजवून टँकर कशाला, एवढाच मुद्दा होता. दीड पानात मला तो इतका नीट मांडता आला नव्हता. पण हसू अजून ओसरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी दादरहून आलेला आमचा सेक्रेटरी कौस्तुभ म्हणाला, “मावशी, भावना पोचल्या. आता जरा प्रॅक्टिकल बोलूया.” हात वर झाले. विरोधात दोनच, त्यांचा आणि माझा; भूपेश मीटिंगला आलाच नव्हता. मी हात वर केला, तोंड मात्र उघडलं नाही.

सोमवारी सकाळी मी कमिटीला पत्र लिहिलं, इंग्रजीत. अनसूयाताईंची ती दोन वाक्यं, त्यापलीकडे एक अक्षर नाही. संध्याकाळी कौस्तुभ स्वतः दारात.

“आंटी, व्हेरी व्हॅलिड पॉइंट! आधी सांगायचं ना! पाण्याची टेस्ट करून घेऊ, तोवर काम होल्डवर.”

“अनसूयाताईंनी काल हेच सांगितलं.”

“हो? अहो, त्या काय बोलतात ते कळतच नाही.”

त्याला कळत होतं. मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ‘पानी आटत न्हाय’ कळू नये? मला इतका संताप आला की त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तशीच वर गेले. अनसूयाताई दारात बसून सुकट निवडत होत्या. बाव वाचली, निदान सध्या तरी, असं मी सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं.

“मी बोलले तवा कोन थांबला न्हाय,” त्या म्हणाल्या. हात सुकटीतच होते. “तुमी काय लिवलाव?”

“तुम्ही बोललात तेच.”

“माजाच?”

“अगदी तेच.”

त्यांनी सुकटीतला एक कचरा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “मंग खाली नाव कुनाचा घातलाव?”

“माझं,” मी म्हटलं.

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. दार उघडंच होतं, पण नेहमीचं ‘या बाय, बसा’ काही म्हणाल्या नाहीत.